मुलांनी रेखाटलेले घराचे नकाशे : डहाणू-तलासरीच्या इतिहासाचे एक साधन

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी इतिहाससंशोधनाने साधनांचा एक निश्चित क्रम मानलेला आहे. दफ्तरे, ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि त्यांच्या मागोमाग मौखिक परंपरा, असा तो क्रम होय. लहान मुलांच्या हातच्या कागदांना त्यात स्थान मिळालेले नाही, आणि त्याची कारणेही अगदीच दुबळी नाहीत. मुलाचा कागद फार काळ टिकत नाही. टिकला तरी त्यावर तारीख नसते. तारीख असली तरी त्यातील आशय मुलाचा किती आणि शिक्षकाचा किती, हा प्रश्न उरतोच. तथापि एखाद्या काळाने सामान्य माणसाच्या घराची स्थितीच पालटून टाकली असेल, आणि त्या घरातील माणसांनी स्वतः लिहून ठेवलेले कागद अत्यल्प असतील, तर मुलांनी रेखाटलेले घराचे नकाशे साधन म्हणून तपासून पाहणे अगत्याचे ठरते. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी ह्या तालुक्यांच्या बाबतीत २०२० व २०२१ ही वर्षे अशा प्रकारची होती.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. तत्पूर्वीच महाराष्ट्र शासनाने १८९७ च्या साथरोग अधिनियमाच्या आधारे नियम जारी केले होते. ह्या सर्व आज्ञांचे सार ‘घरी राहा’ एवढ्या दोन शब्दांत सांगता येते. घर म्हणजे काय, हे मात्र आज्ञेने गृहीत धरले होते. चार भिंती, एक दार, आत एक कुटुंब, आणि दाराबाहेरचे सारे धोक्याचे, अशी ती कल्पना होती. शहरातील सदनिकेला ती बरीचशी लागू पडते. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी अशा जमातींच्या वस्तीच्या पाड्यांना ती कितपत लागू पडते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर मुलांच्या नकाशांतून कसे शोधावे, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

येथे ‘नकाशा’ हा शब्द भूमापनाच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. झाँ पियाजे व बार्बेल इनहेल्डर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या, मुलांच्या अवकाशकल्पनेवरील ग्रंथात असे दाखविले आहे की, मुलाच्या मनात प्रथम जवळीक, वेगळेपणा, क्रम आणि वेढा ह्या संबंधांची जाण उत्पन्न होते. अंतर, प्रमाण आणि दिशा यांची जाण मागाहून येते. म्हणजे कोणती वस्तू कोणत्या वस्तूजवळ आहे आणि कोणती कशाच्या आत आहे, हे लहान मूल आधी सांगते. ती किती हातांवर आहे, हे नंतर. भूमापकाच्या दृष्टीने हा दोष होय. घराच्या कल्पनेचा शोध घेणाऱ्या इतिहासकाराला मात्र नेमकी हीच माहिती हवी असते.

२. बाहेरून ओढलेल्या रेषा

डहाणू-तलासरीच्या इतिहासात घर आणि जमीन यांचे नकाशे पुष्कळ झाले. परंतु ते बहुतेक बाहेरच्या माणसांनी केले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वारल्यांच्या जमिनीचा मोठा भाग जमीनदार व सावकार यांच्या हाती गेला होता. वेठ आणि लग्नगडी ह्या दोन प्रथांनी माणूस जमिनीला व जमीनदाराला बांधला गेला. लग्नासाठी काढलेल्या कर्जाच्या फेडीपायी नवरा-बायकोने धन्याच्या घरी राबत राहावयाचे, अशी लग्नगड्याची स्थिती असे. डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या सरकारी अहवालाने मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या ह्या दुःस्थितीची नोंद केली. ज्याची झोपडी दुसऱ्याच्या जमिनीवर उभी आहे, त्याच्या दृष्टीने घर म्हणजे धन्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली जागा होय. मे १९४५ मध्ये, त्या वेळी उंबरगाव तालुक्यात असलेल्या झरी येथे वारल्यांची सभा झाली, आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठीविरुद्ध लढा उभारला. त्या लढ्यातील मागणी प्रामुख्याने मजुरीची व वेठमुक्तीची होती, हे खरे. पण धन्याच्या हाकेसरशी उठून जावे लागणार नाही असे घर असावे, हा आशयही तिच्यात अंतर्भूत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचे दोन भाग झाले. समुद्राकडील बहुतेक गावे गुजरातेत गेली. महाराष्ट्रात उरलेल्या गावांतून पुढे, १९६१ साली, तलासरीचा वेगळा विभाग झाला. ज्या रेषेने हा तालुका जन्मास आला, ती सोयरिकी, बाजार आणि मजुरीच्या वाटा यांच्यावरून गेली. माणसे तिच्यावरून ये-जा करीतच राहिली. दैनंदिन व्यवहारात ती रेषा फारशी जाणवत नव्हती.

त्यानंतरच्या रेषा निराळ्या स्वरूपाच्या आहेत. १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला. द्रुतगती महामार्ग आणि वेगवान रेल्वे यांच्या आखणीने दोन्ही तालुक्यांतील जमिनींवर नव्या खुणा उमटविल्या. वाढवण बंदराला केंद्र सरकारने तत्त्वतः मान्यता दिली ती फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या अवघे काही आठवडे आधी. मग साथ आली, आणि तिच्याबरोबर ‘प्रतिबंधित क्षेत्र’ ह्या नावाची आणखी एक रेषा आली.

साथीच्या काळी घरावर बाहेरून खूण करण्याची रीत नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला, तेव्हा राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर अधिकाऱ्यांनी अक्षरे रंगविली आणि रोगी आढळलेल्या घरांवर वर्तुळे काढली. प्लेग समित्यांचे अहवाल व नकाशे आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत. ज्या मुलाच्या दारावर ते वर्तुळ काढले गेले, त्याला ते घर कसे दिसले, हे कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. साथीच्या इतिहासातील ही उणीव २०२० च्या बाबतीतही तशीच राहू द्यावयाची की नाही, हा निर्णय अद्याप अभ्यासकांच्या हाती आहे.

३. आतून रेखाटलेले घर

बाहेरच्या ह्या रेषांसमोर ठेवावी अशी आतली एक परंपरा ह्या प्रदेशात आहे. वारली लग्नात सवाशिणी घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकटीच्या आत पालघट देवीची स्थापना होते, धवलेरी विधीची गाणी म्हणते, आणि त्याशिवाय लग्न पार पडत नाही. चौक हा नकाशा नव्हे. तो विधी आहे, आणि त्याला नकाशा म्हणणे म्हणजे त्याचे धार्मिक स्वरूप विसरणे होय. तरी त्याच्या रचनेतील एक गोष्ट प्रस्तुत विषयास उपकारक आहे. मध्ये देवीची चौकट, आणि तिच्याभोवती झाडे, जनावरे, माणसे, त्यांची कामे, असा हा विस्तार असतो. घराच्या भिंतीवर घराच्या भिंती रेखाटल्या जात नाहीत. गाव आणि रान हेच भिंतीवर येते. घराचे आतले आणि बाहेरचे यांची येथे फारकत नाही.

१९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही चित्रकला कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी तिला विधीबाहेरचे स्वतंत्र जीवन दिले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ह्या कीर्तीचा एक अनिष्ट परिणामही ध्यानात घ्यावा लागतो. डहाणूच्या मुलाने काढलेली कोणतीही आकृती आता ‘वारली कला’ म्हणून पाहिली जाण्याचा संभव असतो, आणि तसे पाहिले की तिच्यातील साक्ष बाजूला पडून शोभा तेवढी उरते.

दुसरी परंपरा शिक्षणाची आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. तेथील अनुभवावरून ह्या दोघींना असे आढळले की, मूल शाळेत येत नाही, ह्याचे कारण पुष्कळदा त्याच्या घरच्या कामात असते. गुरे राखावयाची, धाकटे भावंड सांभाळावयाचे, ही त्याची कामे होत. म्हणून शाळाच मुलाकडे गेली. गुरे चरतात त्या कुरणावर भरणारी कुरणशाळा आणि वस्तीतल्या अंगणात भरणारी अंगणवाडी ही त्या विचाराची फळे आहेत. शिक्षणशास्त्रात त्यांचे महत्त्व सर्वमान्य आहे. येथे त्यांचा उल्लेख वेगळ्या कारणाने केला आहे. आदिवासी मुलाचे घर त्याच्या झोपडीच्या दाराशी संपत नाही. कुरण, अंगण व पाणवठा हे त्याच्या घराचेच भाग आहेत, हे ह्या प्रयोगाने व्यवहारात मान्य केले होते. टाळेबंदीच्या आज्ञेत त्याचा मागमूसही नव्हता.

४. २०२०–२१ : घराची तीन रूपे

ह्या पार्श्वभूमीवर महासाथीच्या काळात डहाणू-तलासरीच्या मुलांपुढे घर तीन प्रकारे उभे राहिले.

पहिले रूप, थरथरणाऱ्या घराचे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी व आसपासच्या गावांत लहान-मोठ्या भूकंपांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्याची तीव्रता चारच्या वर होती, आणि त्या दिवशीच्या धावपळीत एका बालिकेचा मृत्यू झाला. लोक रात्री अंगणात, तंबूत निजू लागले. काही शाळाही उघड्यावर भरल्या. ही मालिका २०२० मध्ये संपलेली नव्हती. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आरंभीही लोकांना जाणवण्यासारखे धक्के बसले. भूकंपाने शिकविलेला नियम असा की, जमीन हलली की घराबाहेर पडावे. साथीने शिकविलेला नियम याच्या नेमका उलट. एकाच मुलाला एकाच वर्षी हे दोन्ही नियम पाळावे लागले. त्यातही कारवीच्या कुडाची हलकी भिंत आणि विटा-दगडांची जड भिंत यांत भूकंपाच्या दृष्टीने मोठा फरक आहे; ‘पक्के’ म्हणून ज्या घराचा गौरव केला जातो, तेच धक्का बसताना अधिक भयावह ठरू शकते.

दुसरे रूप, दूरवर पसरलेल्या घराचे. ह्या तालुक्यांतील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे वर्षाचे कित्येक महिने बाहेर असतात. काही वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर, काही बांधकामांवर, काही गुजरातच्या मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून. भट्टीवरील तात्पुरत्या झोपडीला ‘भोंगा’ म्हणतात. मुलांच्या आयुष्यातील कित्येक महिने त्या भोंग्यातही जातात. एप्रिल २०२० च्या आरंभी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून खलाशी परतू लागले, तेव्हा नारगोळ येथे महाराष्ट्रातील खलाशांना उतरू देण्यात आले नाही, आणि त्यांना नौकांवरच अडकून पडावे लागले. नारगोळ हे उंबरगाव तालुक्यातील गाव आहे. म्हणजे ज्या तालुक्यातून तलासरी वेगळी निघाली, त्याच तालुक्याचा हा किनारा. साठ वर्षे व्यवहारात पुसट राहिलेली १९६० ची रेषा त्या आठवड्यात समुद्रकाठी प्रत्यक्ष भिंतीसारखी उभी राहिली. बाप डोळ्यांनी दिसावा इतक्या अंतरावरच्या किनाऱ्याशी आहे, पण घरी येऊ शकत नाही, ही गोष्ट कोणत्याही शासकीय नकाशावर दाखविता येत नाही.

तिसरे रूप, शाळा झालेल्या घराचे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ह्या उपक्रमाद्वारे अभ्यास भ्रमणध्वनीवरून पाठविला जात असे. पण तो साऱ्या पाड्यांवर सारखा पोचणे शक्य नव्हते. आश्रमशाळेतील मुले वसतिगृहांतून घरी परतली, आणि वर्षातील बहुतेक दिवस घराबाहेर राहणाऱ्या मुलाला घराचा दीर्घ सहवास प्रथमच घडला. ह्याच काळात अनेक गावांनी आपल्या वेशीवर अडसर घालून बाहेरच्यांना मज्जाव केला. त्यामुळे पाड्याच्या आत मुलाचा संचार मोकळा, पाड्याबाहेर मात्र बंद, अशी स्थिती उत्पन्न झाली. शहरातील मुलाच्या अनुभवाशी तिचे साम्य फारच थोडे आहे.

५. वाचनाची पद्धती

अशा काळात मुलाने ‘माझे घर’ म्हणून जो नकाशा काढला असेल, त्याचे वाचन पुढील पाच अंगांनी करता येईल.

पहिले अंग आरंभबिंदूचे. रेषा कोठून सुरू झाली, हे शक्य तेथे मुलालाच विचारून नोंदवावे. चुलीपासून सुरू झालेला नकाशा आणि रस्त्यापासून सुरू झालेला नकाशा यांत घराच्या दोन कल्पना आहेत. दुसरे अंग वेढ्याचे. कुंपणाच्या आत काय घातले आहे, हे पाहावे. गोठा, विहीर, ताडाचे झाड, शेजारच्या काकीचे घर ही जर वेढ्याच्या आत असतील, तर मुलाने ‘घरी राहा’ ह्या आज्ञेचा आपल्यापुरता अर्थ लावला आहे, असे समजावे. तिसरे अंग जवळिकीचे. खलाशी बापाची नौका जर घराच्या ओट्याला लागून काढलेली असेल, तर तो अंतराचा प्रमाद नसून नात्याची नोंद होय. चौथे अंग आकाराचे. जी वस्तू प्रमाणाबाहेर मोठी आहे, ती मुलाच्या जीवनात त्या वेळी मोठी होती, असे बहुधा मानता येते. अंगणातील तंबू झोपडीहून मोठा निघाला, तर त्याचा खुलासा भूकंपाच्या इतिहासात शोधावा लागेल. पाचवे अंग अनुपस्थितीचे. शाळा, बाजार, दवाखाना किंवा राज्याची सीमा यांपैकी काय वगळले आहे, हे तितकेच बोलके असते. मात्र अनुपस्थितीवरून अनुमान काढताना कागद संपला होता की विषय, ह्याची खात्री करून घेणे आवश्यक आहे.

ह्याबरोबरच काही सावधगिरीही हवी. मराठी शाळांतून दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठी कौलारू झोपडी, असे एक ठरीव चित्र पिढ्यान्‌पिढ्या गिरविले जाते. ते मुलाच्या घराचे चित्र नव्हे. फळ्यावरून वहीत आलेली ती एक सवय आहे. त्रिकोणांच्या वारली आकृतीही आता पाठ्यपुस्तकांतून व भेटकार्डांवरून मुलांपर्यंत पोचतात. वारली मुलाच्या हातूनही त्या उसन्या म्हणून येऊ शकतात. नकाशा काढण्यास कोणी सांगितले, कोणत्या शब्दांत सांगितले, आणि समोर नमुना होता काय, हे ज्ञात नसेल, तर त्या कागदाचे प्रमाणमूल्य कमी धरावे. पुन्हा, महासाथीत काढलेला नकाशा आणि महासाथीची आठवण म्हणून पुढे काढलेला नकाशा ही दोन वेगळी साधने होत. पहिले समकालीन लेखासारखे आहे, दुसरे बखरीसारखे. दोन्ही उपयुक्त आहेत. त्यांची सरमिसळ मात्र होता कामा नये.

६. तुलना व जतन

मुलांच्या रेखाटनांना इतिहासात स्थान मिळाल्याची उदाहरणे अन्यत्र आहेत. स्पेनमधील यादवी युद्धात विस्थापित झालेल्या मुलांची चित्रे १९३८ साली ऑल्डस हक्सली यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. टेरेझिनच्या छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ह्या चित्रकर्तीने कोंडलेल्या यहुदी मुलांना चित्रकला शिकविली. ती मुलांना चित्रावर नाव घालावयास लावीत असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिची ऑशविट्झला रवानगी झाली व तेथे तिची हत्या झाली. पण मागे लपवून ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रे वाचली आणि ती आज प्रागच्या यहुदी संग्रहालयात आहेत. त्यांपैकी अनेकांचा विषय हिरावले गेलेले घर हा आहे. त्या यातनांशी डहाणूच्या अनुभवाची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. एवढेच दाखवावयाचे आहे की, कागदावर नाव घालण्याची साधी शिस्त आणि तो जपून ठेवण्याची बुद्धी ह्या दोहोंमुळे मुलाचे चित्र पुराव्याच्या पदवीस पोचले.

नकाशांच्या बाबतीत केविन लिंच यांच्या नेतृत्वाखाली युनेस्कोने केलेला अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध झाला. आर्जेन्टिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आणि पोलंड ह्या देशांतील मुलांकडून त्यांच्या परिसराचे नकाशे काढवून घेण्यात आले होते. २०२० च्या वसंतात ‘सिटीलॅब’ ह्या अमेरिकन नियतकालिकाने टाळेबंदीतील जीवनाचे नकाशे वाचकांकडून मागविले, आणि जगभरातून ते शेकड्यांनी आले. ह्या उपक्रमाचे मोल निःसंशय आहे. परंतु ज्याच्या हाती इंग्रजी आणि संगणक आहे, त्याचेच घर अशा संग्रहात उतरते. धुंदलवाडीच्या तंबूतील किंवा तलासरीच्या पाड्यावरील मुलाचे घर तेथे आपोआप पोचत नाही. ते काम स्थानिक शिक्षक, महाविद्यालये आणि विद्यापीठांतील विभाग यांनाच करावे लागेल.

ह्या कामाची शिस्त फार अवघड नाही. जेथे असे कागद शाळेच्या कपाटात वा घरच्या पेटीत उरले असतील, तेथे मूळ कागद मुलाकडे वा शाळेकडेच ठेवून त्याची प्रत घ्यावी. पाड्याचे नाव, मुलाचे वय, रेखाटनाचा महिना व निमित्त यांची नोंद करावी. नकाशाविषयी मूल जे बोलले, ते त्याच्या बोलीतच टिपून ठेवावे. प्रमाण मराठीत त्याचे रूपांतर करताना घराचे पुष्कळसे शब्द गळून पडतात. मुलाची ओळख मात्र प्रसिद्ध करू नये. ते मूल आता मोठे होत आहे, आणि आपल्या घराचे काय सांगावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी गावातील वृद्धांचे लेखी उतरविलेले निवेदन आणि जमिनीवरील घर, झोपडी, बांध यांसारख्या खुणा ह्यांना दाव्याचा पुरावा म्हणून मान्यता दिली, आणि दाव्यांचे नकाशे तयार करण्याचे काम ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे सोपविले. केवळ सरकारी कागदच जमिनीविषयी बोलू शकतो, ह्या जुन्या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. मुलाचा नकाशा न्यायालयात पुरावा ठरणार नाही, ठरण्याचे कारणही नाही. इतिहासाचे न्यायासन मात्र निराळे आहे. २०२० साली डहाणू-तलासरीत कोठे कोठे प्रतिबंधित क्षेत्रे होती, हे जिल्ह्याच्या दफ्तरातून पुढेही कळेल. त्या क्षेत्रांच्या आत जे राहत होते, त्यांच्या लेखी घर कोठे सुरू होत होते आणि कोठे संपत होते, हे सांगणारे कागद थोडे आहेत, आणि एकेका पावसाळ्यागणिक ते आणखी थोडे होत जातात.